जुन्या कॉम्प्युटरचा मिसळणाचा डबा

मुलांनो, ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांमध्ये एक ठरलेला कोपरा असतो. दादा किंवा ताई कॉलेजात असताना घेतलेला कॉम्प्युटर तिथं बसलेला असतो. अंगावर धुळीसाठी टाकलेलं फडकं आणि शेजारी वह्यांचा ढीग. बटण दाबलं की पंखा घरघरतो, पडद्यावर ठिपक्यांचं चक्र फिरू लागतं आणि ते फिरतच राहतं. तेवढ्यात आईचा चहा उकळून कपात ओतूनही होतो. मग कुणीतरी वैतागून म्हणतं, "म्हातारा झालाय तो. देऊन टाका भंगारात!"

थांबा! भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधू या. हा कॉम्प्युटर खरंच थकलाय, की तो नुसताच कशाची तरी वाट बघत बसलाय?

कामगार तयार, सामान कुठाय?

कॉम्प्युटरमधला काम करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. दहा-बारा वर्षांपूर्वीचा साधा प्रोसेसर घेतला, तरी त्याचं घड्याळ एका सेकंदात २०० ते ३०० कोटी ठोके देतं. प्रत्येक ठोक्याला तो काही ना काही काम करू शकतो. हा वेग वयानं कमी होत नाही, बरं का! माणसासारखे त्याचे गुडघे दुखत नाहीत. २०१३ साली तो ज्या वेगानं बेरजा करत होता, त्याच वेगानं आजही करतो.

मग घोडं अडतं कुठे? अडतं ते सामानापाशी. प्रोसेसरला काम करायला माहिती लागते, आणि जुन्या कॉम्प्युटरात ती माहिती हार्डडिस्कवर ठेवलेली असते. हार्डडिस्क म्हणजे खरोखरीची फिरणारी तबकडी. जगातली पहिली हार्डडिस्क आयबीएम कंपनीनं १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि सगळ्यांत मिळून जेमतेम ५० लाख अक्षरं मावत. पुढे तबकड्या तळहाताएवढ्या झाल्या, पण फिरण्याची रीत तीच राहिली. घरातल्या बहुतेक मोठ्या कॉम्प्युटरमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२०.

ऐकायला हा वेग प्रचंड वाटतो. पण तबकडीवरची नेमकी जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला आणि ती सुई त्या जागेवर सरकायला मिळून साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्या वेळात ३०० कोटी ठोक्यांच्या प्रोसेसरचे किती ठोके होतात? गणित करा. ३ कोटी! एका तुकड्यासाठी बिचारा ३ कोटी ठोके हातावर हात धरून बसतो. आणि कॉम्प्युटर सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात.

डोंबिवली ते ठाणे, कल्याण ते दिल्ली

आता कॉम्प्युटरमध्ये माहिती ठेवायच्या तीन जागा समजून घेऊ. एक तुम्हांला कळली, हार्डडिस्क. दुसरी एसएसडी. हिच्यात फिरणारं काहीच नसतं. जपानच्या तोशिबा कंपनीतले संशोधक फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात 'फ्लॅश' नावाची स्मृती शोधून काढली. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये तीच असते आणि एसएसडीतही तीच. चारी बाजूंनी वीजरोधक भिंती असलेल्या अगदी सूक्ष्म कोठड्यांमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, अशी तिची युक्ती आहे. वीज गेली तरी ते इलेक्ट्रॉन आत राहतात, म्हणून माहितीही राहते.

तिसरी जागा म्हणजे रॅम. ही सगळ्यांत चपळ, पण विसराळू! रॅममधल्या एकेका कप्प्यातला विजेचा भार सतत गळत असतो. भोक पडलेल्या तांब्यात पाणी टिकवायचं तर पुन्हा पुन्हा भरावं लागतं ना? तसा हा भार सेकंदाला साधारण पंधरा वेळा नव्यानं भरावा लागतो. वीज गेली की भरणं थांबतं आणि सगळी माहिती पुसली जाते.

या तिघांच्या वेगातला फरक किती? रॅममधून माहितीचा एक तुकडा मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग पुरतो. एसएसडीला दहा हजारावा भाग लागतो आणि हार्डडिस्कला शंभरावा. हे आकडे इतके लहान आहेत की डोक्यात शिरत नाहीत. म्हणून आपण सगळ्यांना एक कोटीनं गुणू या.

रॅमला लागला १ सेकंद. म्हणजे समोरच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, बस्स.

एसएसडीला लागले १,००० सेकंद, म्हणजे साधारण १७ मिनिटं. डोंबिवलीहून जलद लोकल पकडली, तर जवळपास एवढ्या वेळात ठाणे स्टेशन येतं.

आणि हार्डडिस्कला? १,००,००० सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास! कल्याणहून मेलगाडीत बसलात तर तेवढ्या वेळात दिल्ली गाठाल. एक पेन्सिल हवी म्हणून दिल्लीला जायचं! कळलं ना, तुमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते चक्र का फिरत राहतं?

आजीची उतरंड

तुम्ही म्हणाल, मग सगळी माहिती रॅममध्येच ठेवावी की! तसं करता येत नाही. एक तर रॅम विसराळू, आणि दुसरं म्हणजे तेवढ्याच जागेसाठी ती एसएसडीपेक्षा पुष्कळ महाग पडते. जो साठा चपळ असतो तो लहान आणि महाग, जो मोठा आणि स्वस्त असतो तो सुस्त. यातून वाट कशी काढायची?

वाट आपल्या आजी-पणजीला ठाऊक होती. जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची. सगळ्यांत खाली मोठा रांजण, त्यावर जरा लहान मडकं, त्यावर आणखी लहान, आणि टोकाला छोटंसं बोळकं. कॉम्प्युटरची स्मृती अशीच उतरंडीसारखी रचलेली असते. तळाशी हार्डडिस्क किंवा एसएसडी, तिच्यावर रॅम, आणि सगळ्यांत वर प्रोसेसरच्या पोटातच बसवलेली अगदी इवलीशी स्मृती. खालच्या मडक्यातलं थोडं वरच्यात काढून ठेवायचं, म्हणजे दर वेळी उतरंड उतरवायला नको.

आपल्याकडच्या मोठ्या बदलाची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' नावाचा, भारतात बनवलेला संगणक १९६० साली काम करू लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. चुंबकीय कड्यांनी बनलेल्या त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत, आणि एकेक शब्द ४० बिटांचा असे. आजच्या हिशोबानं ती स्मृती झाली १० किलोबाइट. तुमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरात ८ जीबी रॅम असली, तर तिच्यात टिफ्रॅकची स्मृती आठ लाखांहून जास्त वेळा मावेल! ज्याला आपण म्हातारा म्हणून हिणवतो, त्याच्याजवळ केवढी शिदोरी आहे बघा.

हळद हवी म्हणून दुकानात?

आता आईच्या ओट्याजवळ चला. तिथं एक गोल, स्टीलचा मिसळणाचा डबा असतो. त्यात सहा-सात वाट्या: मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथी, गोडा मसाला. हळदीचं मोठं पाकीट फडताळात असतं आणि त्याहून मोठा साठा वाण्याच्या दुकानात. फोडणीच्या वेळी तेल तापलेलं असताना आई दुकानात धावते का? छे! ती डब्यात हात घालते. डब्यातली हळद संपली तरच फडताळ उघडते.

कॉम्प्युटरमध्ये अशा हाताशी ठेवलेल्या साठ्याला 'कॅश' म्हणतात. पैसे या अर्थाचा 'कॅश' हा शब्द वेगळा, स्पेलिंगही वेगळं, उच्चार मात्र तोच. गंमत म्हणजे ती तुलनाही जुळते. सगळे पैसे बँकेत असतात, पण रिक्षासाठी लागणारे सुटे आपण खिशातच ठेवतो. या कॅशचं मूळ फ्रेंच भाषेत आहे. 'लपवणे' अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. ब्रिटनमधल्या केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली ही कल्पना लिहून मांडली आणि १९६८ साली आयबीएमनं जाहीर केलेल्या 'सिस्टिम ३६० मॉडेल ८५' या संगणकात ती प्रत्यक्ष वापरली गेली.

पण डबा तर छोटा. कुठली वाटी ठेवायची, कुठली काढायची, हे कसं ठरवायचं? इथं दोन सवयी कामी येतात. पहिली सवय म्हणजे जे आत्ता लागलं, ते थोड्या वेळानं पुन्हा लागण्याचा संभव जास्त. काल हळद लागली, आजही लागणार. दुसरी सवय म्हणजे एक गोष्ट लागली की तिच्या शेजारचीही लागते. मोहरी तडतडली की मागोमाग जिरं येणारच. म्हणून कॉम्प्युटर एसएसडीवरून एक तुकडा मागवताना पुढचे दोन-चार तुकडेही आणून ठेवतो. आणि डबा भरला की ज्या वाटीला बरेच दिवस कुणी हात लावला नाही, ती रिकामी करून तिथं नवी वस्तू भरतो. श्रावणात आणलेल्या खसखशीची वाटी पौषापर्यंत कोण अडवून ठेवील?

घड्याळ घ्या, करून बघा

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ आणि एक वही घ्या.

कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. पडदा शांत झाला की पाच मिनिटं थांबा. मग चित्रं काढायचा किंवा पत्र लिहायचा एखादा मोठा प्रोग्रॅम उघडा आणि किती सेकंद लागले ते लिहा. तो बंद करा, आणि लगेच पुन्हा उघडा. पुन्हा सेकंद लिहा. हार्डडिस्क असलेल्या कॉम्प्युटरवर दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान येईल. एसएसडी असेल तर फरक कमी दिसेल. आता कॉम्प्युटर पुन्हा बंद-चालू करा आणि तोच प्रोग्रॅम तिसऱ्यांदा उघडा. काय झालं? आकडा पुन्हा वाढला!

पहिल्यांदा प्रोग्रॅम हार्डडिस्कवरून आला. येताना त्याची एक नक्कल रॅमच्या डब्यात राहिली, म्हणून दुसऱ्या वेळी तो झटकन उघडला. कॉम्प्युटर बंद केल्यावर डबा रिकामा झाला, आणि पुन्हा दिल्लीची वारी करावी लागली.

तुमच्याकडे विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. उघडलेल्या चौकटीत 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. तिथं 'कॅश्ड' असा शब्द आणि त्यापुढे आकडा दिसेल. तुम्ही काहीही न सांगता कॉम्प्युटरनं भरून ठेवलेला मिसळणाचा डबा तो हाच! विंडोज आणि लिनक्स, दोन्ही हे काम आपणहून करतात. रिकामी पडलेली रॅम ते डब्यासाठी वापरतात आणि तुम्ही नवा प्रोग्रॅम उघडला की ती जागा मुकाट्यानं सोडतात. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात तर एक पाऊल पुढे टाकलं होतं. तुम्ही नेहमी काय उघडता ते ती लक्षात ठेवी आणि मागण्याआधीच रॅममध्ये आणून ठेवी.

या प्रयोगातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. ती वहीत लिहून ठेवा. डबा उपयोगी पडतो तो दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी, म्हणजे सकाळी बटण दाबल्यावर, डबा रिकामाच असतो. तेव्हा सगळा भार खालच्या मडक्यावर पडतो. म्हणून पहिल्या वेळेसाठी चांगली एसएसडी हवी आणि दुसऱ्या वेळेसाठी भरपूर रॅम.

दहापट वेगाची जाहिरात

आई-बाबांनो, हा भाग तुम्हीही वाचा. रॅमचा एक भाग राखून ठेवून 'तुमची एसएसडी कितीतरी पट वेगवान करू' असं सांगणारे प्रोग्रॅम मिळतात. काही एसएसडी कंपन्याही असा प्रोग्रॅम सोबत देतात. उदाहरणार्थ, सॅमसंगनं २०१३ साली 'रॅपिड मोड' नावाची अशी सोय आणली होती. असा प्रोग्रॅम चालू करून वेग मोजला की आकडा पाहून डोळे विस्फारतात. सेकंदाला ५०० मेगाबाइट देणारी एसएसडी एकदम काही हजार मेगाबाइट देऊ लागल्यासारखी दिसते!

हा चमत्कार कसा होतो? तुम्हांला आता सांगता यायला हवं. वेग मोजणारा प्रोग्रॅम तीच माहिती पुन्हा पुन्हा मागतो. ती पहिल्यांदाच डब्यात येऊन बसलेली असते. म्हणजे मोजला जातो तो रॅमचा वेग, एसएसडीचा नव्हे. हळद डब्यातून काढायला दोन सेकंद लागले, म्हणून वाण्याचं दुकान दोन सेकंदांवर आलं असं कुणी म्हणेल का?

शिवाय कॉम्प्युटरात ४ जीबीच रॅम असेल आणि त्यातली १ जीबी असा प्रोग्रॅम अडवून बसला, तर उरलेल्या कामांची दाटी होते. रॅममध्ये न मावलेली माहिती परत एसएसडीवर ढकलावी लागते. वेग वाढवायला गेलो आणि कमी करून बसलो! अशा वेळी वेगळा प्रोग्रॅम न घालता रॅम वाढवणं शहाणपणाचं. वाढलेल्या जागेत कॉम्प्युटर आपला डबा आपणच मोठा करतो, फुकटात.

पाटी आणि वही

आतापर्यंत आपण माहिती वाचण्याबद्दल बोललो. लिहिताना काय होतं? इथं खरी काळजी घ्यायची आहे, म्हणून नीट लक्ष द्या.

समजा, मी वर्गात भराभर गणितं सांगते आहे. तुम्ही आधी पाटीवर लिहिता आणि सवड मिळाली की वहीत उतरवता. पाटीवर लिहिणं झटपट होतं. एखादा आकडा दहा वेळा बदलला, तरी वहीत शेवटचा एकदाच लिहिला जातो. कॉम्प्युटरही असंच करतो. तुम्ही 'सेव्ह' केलंत की बऱ्याचदा माहिती आधी रॅमच्या पाटीवर जाते आणि काही सेकंदांनी एसएसडीच्या वहीत उतरते.

एसएसडीला याचा एक फायदाही होतो. तिच्या कोठड्यांत नवी माहिती लिहिण्याआधी जुनी पुसावी लागते, आणि एकेक शब्द खोडता येत नाही. पानांचा अख्खा गठ्ठाच एकदम पुसावा लागतो. अशी पुसापुशी प्रत्येक कोठडी ठरावीक वेळाच सोसते. नंतर तिच्या भिंती झिजतात. म्हणून दहा वेळा लिहिण्यापेक्षा एकदा लिहिणं एसएसडीच्या प्रकृतीला बरं.

पण पाटीवरचं वहीत उतरायच्या आत कुणी पाटी पुसली तर? जून-जुलैतल्या पावसात आकाशात गडगडाट होतो, आणि तुम्ही प्रकल्पाचं शेवटचं पान सेव्ह करत असतानाच वीज जाते. रॅमची पाटी क्षणात कोरी! जे वहीत उतरलं नव्हतं ते गेलं. कधी कधी तर अर्धवट उतरलेल्या माहितीमुळे आख्खी फाइल उघडेनाशी होते. म्हणून वेग वाढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'माहिती उशिरा लिहा' अशा अर्थाची सोय असेल, तर ती चालू करू नका. विंडोजमध्येही एसएसडीच्या गुणधर्मांत 'वेळोवेळी वहीत उतरवणं बंद करा' अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यावर खूण करू नका. घरी यूपीएस असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. पाटीवरचं उतरवून घ्यायला तेवढी उसंत मिळते. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर तीही हेच काम करते.

पेनड्राइव्ह काढण्याआधी कॉम्प्युटरला तसं सांगावं, असं मोठी माणसं का बजावतात, तेही आता कळलं असेल. २०१८ सालच्या विंडोज १० च्या एका आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी पाटीची ही सवय आपोआप बंद ठेवलेली असते. तरी फाइल जात असताना तो ओढून काढू नका. अर्धी फाइल म्हणजे फाटकी वही.

कोणतं काम आधी?

तर मग घरच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी काय करायचं? मोठ्यांच्या सोबतीनं एकेक पायरी घ्या.

सगळ्यांत आधी फोटो, पत्रं, अभ्यास यांची नक्कल दुसरीकडे काढून ठेवा. ताईच्या दहावीच्या निकालाचा फोटो पुन्हा काढता येत नाही.

मग हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. जुन्या कॉम्प्युटरात ती 'साटा' नावाच्या जोडणीवर बसते. या जोडणीच्या तीन पिढ्या आहेत. पहिली सेकंदाला १५० मेगाबाइट वाहून नेते, दुसरी ३००, आणि २००९ मध्ये आलेली तिसरी ६००. तुमच्याकडे दुसरी पिढी असेल तर नव्या एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही. जलद गाडी धीम्या मार्गावर घातली की तिला पुढच्या धीम्या लोकलच्या मागूनच जावं लागतं, तसंच हे. ठाणे ते दिवा पाचवा आणि सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असा नवा मार्ग सहजासहजी टाकता येत नाही. तरी नाउमेद होऊ नका! रोजच्या कामात मोठमोठ्या फायलींपेक्षा हजारो बारीक तुकडे जास्त लागतात, आणि त्यांच्यासाठी 'दिल्ली'ऐवजी 'ठाणे' गाठायला मिळालं हाच मोठा लाभ असतो. तो दुसऱ्या पिढीच्या जोडणीवरही मिळतो.

त्यानंतर रॅम बघा. २ किंवा ४ जीबी असेल आणि मदरबोर्डला चालत असेल, तर ८ जीबी करा. जुन्या रॅमची पिढी कोणती, डीडीआर३ की डीडीआर४, हे आधी तपासा, कारण एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. आणि घरातलं विंडोज ३२ बिटांचं असेल तर त्याला साधारणपणे ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरता येत नाही. तेव्हा ६४ बिटांचं घ्यावं लागेल.

शेवटची पायरी सुरक्षिततेची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची मदत संपली. बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरांना विंडोज ११ चालत नाही. पण म्हणून तो कॉम्प्युटर निकामी होत नाही. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या फुकट मिळतात आणि कमी रॅमवरही चालतात. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनंही 'बॉस' नावाची लिनक्सची आवृत्ती तयार केली आहे आणि तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

एवढं करूनही कॉम्प्युटर चाललाच नाही, तर त्याला कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. त्याच्या पोटात तांबं, थोडं सोनं असतं, आणि शिशासारखी विषारी द्रव्यंही असू शकतात. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. अशा वस्तू नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच जायला हव्यात. पण ती शेवटची पायरी. एखादा कॉम्प्युटर आणखी चार-पाच वर्षं चालला, तर तेवढी वर्षं नवा घ्यावा लागत नाही. वाचलेल्या पैशांत घरात पुस्तकं येतील, नाहीतर धाकट्या भावंडाला सायकल मिळेल.

आता तुमच्यासाठी एक काम. आज स्वयंपाकघरात जाऊन आईला किंवा बाबांना विचारा, मिसळणाच्या डब्यात कोणत्या वाट्या आहेत आणि गेल्या महिनाभरात कोणत्या वाटीला हातच लागला नाही? ती वाटी काढून तिथं काय ठेवावं, ते तुम्ही सुचवा. मग दप्तर उघडा. त्यात रोज लागणाऱ्या वस्तू वरच्या कप्प्यात आहेत की तळाशी? पट्टी शोधायला दर तासाला सगळं दप्तर उपसावं लागत असेल, तर तुमचाही वेळ वाट बघण्यातच जातोय. कॉम्प्युटरला नावं ठेवण्याआधी तेवढं दप्तर लावून टाका, आणि घड्याळ लावून किती सेकंद वाचले ते मोजायला विसरू नका!